आबांना दाखवायचा भोपळा

त्या वर्षी आमच्या घरात कुणी कधी, कुठं बसून आणि किती पाण्यानं अंघोळ करायची, हे मी ठरवत असे. वय तेरा-चौदा, अंगानं काडी, नाकाचा शेंडा कायम वर आणि रुबाब असा की मामलेदारानं उठून खुर्ची द्यावी. न्हाणी म्हणजे परसात एक काळा सपाट दगड आणि तिन्ही बाजूंनी कडब्याचे तट्टे. त्या दगडापासून मी खुरप्यानं बोटभर रुंदीची चर काढली होती. ती जाऊन मिळायची माझ्या बागेत. बाग म्हणजे तरी काय, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद तुकडा. पण मी तिला बागच म्हणायची आणि दुसरं कुणी 'तो उकिरडा' म्हटलं तर दिवसभर बोलायची नाही.

पाऊस दोन वर्षं आमच्या गावाची वाट विसरला होता. माण-खटावाकडची आमची जमीन, तशीही पाण्याला महाग. त्या वर्षी तर विहिरीच्या तळात वाटीनं पाणी भरून घागरीत ओतायचं आणि परत वाटी भरायला घटकाभर बसून राहायचं. आता मी सांगलीत मुलाकडं तिसऱ्या मजल्यावर राहते. नदी तीन गल्ल्या पलीकडं आहे. मुलगा सकाळी गाडीला किक मारून कुपवाडला कारखान्यात जातो, सूनबाई नळाला पाइप लावून कुंड्यांना पाणी घालते आणि मी तिच्या मागनं नळ बंद करत हिंडते. ती म्हणते, "आई, पाणी चोवीस तास आहे." मी म्हणते, "असू दे." सवयीचं असंच असतं, गुडघे जातात पण सवय जात नाही.

घरात आम्ही चौघी बायका. आजी, म्हणजे माझ्या वडलांची, आबांची आई. माझी आई. मी. आणि फाल्गुनात सातवा महिना लागल्यावर माहेरपणाला आलेली माझी मोठी बहीण, अक्का. आबा सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती उचलायला गेले होते. महिन्यातून एकदा शनिवारी येत. कानाच्या पाळीत, भुवयांत, नखांत हळद बसलेली असायची. त्यांचं धोतर धुतलं की पिवळंधमक पाणी निघायचं, तेही मी चरीत ओतायची. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, पलटणीत होते, लांब कुठं तरी बर्फात. अक्काचं सासर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठाला. उसाचं गाव, दारात पाणी. अक्काची सासू आईला म्हणाली होती, "विहीणबाई, हितं नदी हाय, दवाखाना हाकेवर हाय. पोर हितंच ऱ्हाऊ दे." आई ताठ बसून म्हणाली, "पयलं बाळंतपन म्हायारीच हुतंय. आमी काय मेलो न्हाई." मी आईच्या शेजारी बसून मान डोलावली होती. मला अक्का हवी होती. खरं सांगायचं तर अक्काची अंघोळ हवी होती. एक माणूस वाढलं म्हणजे तीन तांबे पाणी वाढलं, असा माझा हिशेब.

बी आजीचं. तिच्या गाडग्यात राखेत घोळवलेल्या बियांची पुरचुंडी असायची. संक्रांतीनंतर मी दोडका लावला, घेवडा लावला, मिरची लावली, वांगी लावली आणि भोपळ्याच्या तीन बिया. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माझी बाग दाखवायची. दोडका वीतभर वर येऊन करपला. घेवड्याला मावा लागला. मिरची रोज मान टाकायची आणि संध्याकाळी उचलायची, मग एका संध्याकाळी उचललीच नाही. वांग्यांच्या बाबतीत मी अशी हुशारी केली की अख्खी राखच बुडाशी ओतली, तीन दिवसांत वांगी संन्यासी झाली. आजी उंबऱ्यावर बसून पानाला चुना लावत म्हणाली, "शेतकी खात्यात सायबीन हुनार गं बाई आमची. जितं जाईल तितं वाळवंट."

पण भोपळ्याचा एक वेल राहिला. त्याचं श्रेय आजीचं, जरी मी ते गावभर माझं म्हणून सांगितलं. आजीनं एक जुनं मडकं घासून घासून त्याची भोकं मोकळी केली, वेलाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलं आणि म्हणाली, "वरनं घातल्यालं पानी ऊन पितंय. खालनं घातल्यालं येल पितो." मग मी चरीचं पाणी तिथवर आणून फडक्यातून गाळून मडक्यात भरू लागले. मडकं हळूहळू पाझरायचं. भाकरीचे हात धुतलेलं, तांदूळ असले तर तांदूळ धुतलेलं, चूळ भरलेलं, सगळं त्या मडक्यात. साबणाला मी बंदी घातली. आई खडी फोडायच्या कामावरून धुळीनं पांढरी होऊन यायची आणि मी दारात उभी, "आई, चरीच्या तोंडाशी बस. न्हाईतर पानी वाया जातंय." ती दगडाच्या काठाला सरकून बसायची. आज वाटतं, तिनं मला एक ठेवून द्यायला हवी होती.

वेल तट्ट्यावर चढला, तट्ट्यावरून न्हाणीच्या मागं गेला. मादी फुलं यायची, खाली बोराएवढा भोपळा घेऊन, आणि उन्हानं गळून पडायची. अशी सात गेली. मी प्रत्येकीसाठी रडले. आठवं टिकलं. सुपारीएवढं झालं, लिंबाएवढं झालं, तांब्याएवढं झालं, तेव्हा मी त्याखाली भुसा घातला, वरून आजीच्या जुन्या लुगड्याचा धडपा ओला करून टाकला, आणि नजर लागू नये म्हणून काजळाचा टिक्का लावला. आमच्याकडं भोपळ्याला थोरला ल्योक मानतात. म्हणून बाईमाणसानं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नाही. आधी पुरुषानं एकदा टोक घुसवायचं, मग बाईनं काय चिरायचं ते चिरावं. त्यातून बाई पोटुशी असेल तर तिनं समोरही थांबू नये. मी दिवसातून दहा वेळा 'माझा ल्योक, माझा ल्योक' करत त्याला बघायला जायची. आजी म्हणायची, "लगीन न्हाई, न्हवरा न्हाई, आन् भवानीला ल्योक झाला. कुनाला सांगू नगा रं." अक्का तोंडात पदर कोंबून हसायची. पोट धरून हसायची, म्हणजे खरोखरच दोन्ही हातांनी धरून.

आबांनी मागच्या खेपेला वेल बघितला होता, तेव्हा भोपळा नव्हता. ते म्हणाले होते, "हितं कुसळ उगवंना आन् तू भोपळं काढनार व्हय?" हसण्यावारी म्हणाले होते, पण मला झोंबलं. मी ठरवलं की आबा येतील त्या शनिवारी त्यांच्या मांडीवर भोपळा नेऊन ठेवायचा. अख्खा. देठासकट. आणि म्हणायचं, "घ्या. लावा सुरी." हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतही बडबडत असे, असं आजी सांगायची.

तो दिवस मंगळवार होता एवढं पक्कं आठवतं, कारण आबांना यायला चार दिवस उरले होते आणि मी ते बोटांवर मोजत होते. आई कामावर गेलेली, आजी सरकारी लाल ज्वारी आणायला रांगेत. दुपारची वेळ. अक्का भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसली होती. पाय सुजून पाट्यासारखे झाले होते. त्या लाल ज्वारीच्या भाकरीचा तिला वासही सहन होत नव्हता, दोन दिवस ती पाण्यात मीठ घालून पीत होती. मला जवळ बोलावून म्हणाली,

"सुले, कुनाला सांगू नगंस. घारगं खाऊशी वाटत्यात गं."

"कसलं घारगं?"

"भोपळ्याचं. सकाळधरनं तोंडात त्योच वास येतुया. सासूनं दिल्याला गूळ हाय माज्या पेटीत. वाईच पीठ हाय. आई यायच्या आत मी करते. आईला म्हाईत झालं तर म्हनंल, लेकीला खाऊशी वाटतंय आन् घरात काय न्हाई. तिला नगं वाटंल."

"आन् कापायचा कुनी?"

"ज्ञानूतात्याला हाक मार. टोक लावंल तेवढं."

ज्ञानूतात्या म्हणजे भिंतीपलीकडचे म्हातारे. आमच्या दोन घरांना एकच भिंत. गावात उरलेल्या चार पुरुषांपैकी एक, कारण दम्यानं त्यांना कामाला जाता येत नव्हतं. दिवसभर बाजेवर बसलेले असत.

मी उठले. परसात गेले आधी. धडपा बाजूला करून भोपळ्याकडं बघितलं. आता तो घागरीच्या बुडाएवढा झाला होता, हिरव्यावर पिवळी झाक यायला लागली होती. चार दिवस. फक्त चार दिवसांनी आबा येणार होते. मग मी पुढच्या दारानं बाहेर पडले, तात्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तात्या बाजेवर होते. मला बघून म्हणाले, "काय गं सुले, ल्योक काय म्हनतुया तुजा?" मी म्हटलं, "बरा हाय, तात्या." आणि परत आले.

"अक्के, तात्या न्हाईत. कुटंतरी गेल्यात."

असं म्हणाले. आणि मी म्हणत असताना, वाक्य पुरं व्हायच्या आत, भिंतीपलीकडून तात्यांना खोकल्याची उबळ आली. लांबलचक उबळ, त्यांची ती भात्यासारखी धाप लागणारी. गावात दुसरं कुणीच तसं खोकत नव्हतं.

अक्कानं भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होते. मला वाटलं आता ओरडणार, आईला सांगणार. ती हसली. म्हणाली, "न्हाईत व्हय? मग ऱ्हाऊ दे. वाढू दे तुज्या लेकाला आनकी चार दीस. काय घाई हाय?"

आणि भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. मी तिला पाणी दिलं. पिऊन उरलेलं पाणी मी नेऊन मडक्यात ओतलं. अशी मी होते. ही माझी कीर्ती.

गुरुवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. अजून महिना बाकी होता. सुईण आली. मला बाहेर काढलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली, मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली मोठ्यानं. आजी बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी हाय. लय आवाज हाय तिला." मग आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मग सुईण बाहेर आली ती राख मागायला, मग फडकी मागायला, मग अजून फडकी. आईचा आवाज ऐकू येत होता, "अगं डोळं उघड, अगं अक्के." गावात गाडी होती पण बैल नव्हते, बैल सगळे चाऱ्याच्या छावणीत. तात्या खोकत खोकत चार घरं फिरले आणि उरलेले तीन पुरुष गोळा करून आणले. चौघांनी तिला बाजेवर घालून उचललं, पक्क्या रस्त्यापर्यंत नेऊ म्हणून, तिथं खडीचा ट्रक मिळेल. तात्या चौथे होते. दर पन्नास पावलांवर थांबत. मी मागनं धावत होते. ओढा ओलांडला, वाळूनं तळपाय भाजत होते, आणि त्या वाळूत तात्या थांबले ते धाप लागली म्हणून नव्हे. त्यांनी बाज खाली ठेवायला लावली. अक्काच्या डोळ्यांवर त्यांनी स्वतःचं मुंडासं सोडून घातलं.

आबांना निरोप एसटीच्या ड्रायव्हरकडून गेला. ते शुक्रवारी आले, कानात हळद तशीच.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी माती सावडायला बायकाही जातात. गेलेल्या माणसाला काय आवडायचं ते पानावर ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर काही तरी राहिलं, असं समजतात. मग एकेक जण पुढं होऊन कबूल करतो, तुझ्या लेकराला बघू, तुझं अमुक पुरं करू. त्या सकाळी आजीनं आईला विचारलं, "पोरीला काय आवडायचं गं?" आई म्हणाली, "माज्या लेकीनं जलमात कवा काय मागितलं न्हाई." लाल ज्वारीची भाकरी, चटणी आणि अक्काच्या पेटीतला गुळाचा खडा, असं पान झालं.

मला माहीत होतं. सगळ्या गावात मला एकटीला माहीत होतं. जाताना वाटेत मी ठरवलं की कावळा शिवणार नाहीच. कसा शिवेल? सगळे थांबतील, ऊन चढेल, आबा पुढं होऊन काहीबाही बोलतील, दाजींच्या वतीनं सासरे बोलतील, तरी शिवणार नाही. मग मी पुढं जाईन आणि सगळ्यांसमोर सांगेन, तिला घारगे पाहिजे होते आणि मी खोटं बोलले. मग आबा मला मारतील. मग भोपळा कापतील, घारगे होतील आणि ती खाईल. वाक्य तयार होतं.

आईनं पान वाळूत ठेवलं. हात मागं घेतला नव्हता तिनं अजून. दोन कावळे आले, मग चार, मग कुठून तरी आभाळ काळं करत आठ-दहा. आईच्या बांगड्यांना पंख लागले. भाकरीचा तुकडाही उरला नाही. गुळासाठी दोघांनी एकमेकांची पिसं काढली.

दुष्काळ होता. कावळ्यांच्याही पोटात दोन वर्षं काही नव्हतं. एवढं साधं, पण तिथं कुणालाच ते दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं. बायका म्हणाल्या, "तृप्त गेली पोर. काय सुदीक मागं ठेवलं न्हाई." आई तिथंच वाळूत बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रडता रडता म्हणत होती, "काय न्हाई ऱ्हायलं तिचं, काय न्हाई ऱ्हायलं." अक्काची सासू समोर उभी होती. नदीकाठचं पाणी सोडून पोरीला इथं आणलं, याचा जाब विचारायला आलेली ती बाई खाली बसली आणि तिनं आईला जवळ घेतलं. मी माझं वाक्य गिळलं. त्या कावळ्यांनी आईला जे दिलं होतं, ते मी काढून घेऊ शकले नसते. आईनं ते पुढं आयुष्यभर पुरवलं. कुणीही विषय काढला की म्हणायची, "आमची अक्का तृप्त गेली. हात काढायच्या आत शिवला." त्या एका वाक्यावर ती नव्वदीपर्यंत जगली.

आणि भोपळा. तेराव्याला पाहुणे येणार, भाजीला गावात काही नाही. आबा परसात गेले, धडपा उचलला. बराच वेळ उभे राहिले. मग देठ कापून तो आत घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "लय मोटा केलास गं." मी ते घोकलेलं वाक्य म्हणाले नाही. त्यांनी सुरीचं टोक घातलं, आईनं चिरला. आत केशरी होता, डोळ्यांत भरेल असा. चाळीस माणसांनी त्याची भाजी खाल्ली. जो तो म्हणत होता, साखरेसारखा आहे. मला लाज नावाची गोष्ट असती तर मी उपाशी उठले असते. पण दोन वर्षं आम्ही कुणी पोटभर जेवलो नव्हतो. मी दोनदा मागून घेतली आणि पानाला बोट लावून चाटली.

ते लेकरू अक्काच्या सासूनं नेलं. शेळीच्या दुधावर वाढवलं. तिचं नाव शैला. शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली, इथं सांगलीतच राहते. अक्का गेली त्या वयाच्या तिपटीची झाली आहे. अक्काचा फोटो नाही. लहानपणापासून शैला प्रत्येकाला विचारायची, माझी आई कशी होती, आणि प्रत्येक जण तिला एकच सांगायचा, तृप्त गेली, काही इच्छा राहिली नव्हती. मीही तेच सांगायची. हसून सांगायची.

गेल्या वर्षी आई गेली. आईचं सगळं आटोपल्यावर शैला एका सकाळी आली. सूनबाई बाजारात गेली होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तात्यांच्या खोकल्यासकट. दुसरी वाढ मागून घेतल्यासकट. काही लपवलं नाही.

मी शैलाच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, ही आता उठून जाईल आणि परत या दारात पाऊल टाकणार नाही. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं कदाचित. मग ती म्हणाली, "म्हणजे तिला काहीतरी पाहिजे होतं."

"व्हय."

"खावंसं वाटत होतं तिला. चोरून करणार होती, तिची आई यायच्या आत." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. माझ्या जवळ सरकून, माझा हात धरून, पन्नाशी उलटलेली ती बाई सहा वर्षांच्या पोरीसारखी विचारू लागली, "मावशी, अजून सांग ना. आणखी काय आवडायचं तिला? गाणं म्हणायची का? रंग कुठला आवडायचा? कशाला भ्यायची?"

मी डोळे मिटून शोधलं. अक्का दोन महिने माझ्यासमोर होती. रोज. तिला अंघोळीला किती तांबे लागायचे ते मी सांगू शकले असते. तिचं पाणी चरीतून मडक्यापर्यंत यायला किती वेळ लागायचा तेही.

शैला वाट बघत होती. तो सगळा उन्हाळा मी भोपळ्याकडं बघत होते.